पूरतयारीची बैठक: रविवारी सकाळी 10 वाजता, गोदामात

सर्व सभासदांना नमस्कार.

यंदा पूरनिधीत मोठी तूट आहे. परदेशी देणगी कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशी देणगी घेणारी संस्था ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्क्यांवर आली. शहरातल्या संस्थांमार्फत आपल्यासारख्यांपर्यंत येणारा पैसा तिथेच अडला. देशी देणग्यांवर आजवर निभावलं, आता त्याही आटल्यात.

कृष्णाकाठच्या मंडळींना ऑगस्ट 2019 चा महापूर वेगळा सांगायला नको. बाहेरचे ट्रक यायच्या आधी आपल्याच पोरांनी काहिलीत खिचडी शिजवली. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाचं इन्सुलिन संपलंय, हे त्यांनाच ठाऊक होतं. त्या याद्या सांभाळणाऱ्या दोघा कार्यकर्त्यांचं मानधन मार्चपासून थकलंय. हे मनाला फार लागतं. पहिला पैसा त्यांनाच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

येताना आपल्याकडच्या ताडपत्र्या, दोर आणि क्लोरीनच्या गोळ्या मोजून आकडा आणा. गोळ्यांची मुदतही बघा. वर्गणी संस्थेच्या खात्यातच भरा, पावती घ्या. ज्यांना पैसे जमणार नाहीत, त्यांनी आठवड्यातला एक दिवस द्यावा.

– सचिव