मामा, तुमच्या कच्च्या वहीसाठी

मामा, नमस्कार.

नाव घालू नको म्हणालात म्हणून घालत नाही. तसंही आपल्याकडं लॅबमधल्या परिचराला सगळे मामाच म्हणतात, त्यामुळं सोलापुरातल्या निम्म्या कॉलेजांतल्या मामांना वाटेल हे आपल्यालाच लिहिलंय, वाटू दे. तुम्ही मोबाईलवर एवढं लांबलचक वाचत बसणार नाही हे मला माहितीये, नात वाचून दाखवेल. तिला सांगा मधलं काही गाळायचं नाही, तुमची चेष्टा केलेली पण नाही.

पहिल्या दिवशी मी आले तेव्हाचं आठवतंय का? खांद्याला लॅपटॉप, हातात छापील फॉर्म, नि तोंडात 'युजर', 'वर्कफ्लो', 'डॅशबोर्ड' असले शब्द. होटगी रोडवरच्या आमच्या दीड खोलीच्या ऑफिसात बसून मी आधीच अख्खी वही डिझाईन करून आणली होती, संशोधकांसाठी इलेक्ट्रॉनिक नोटबुक, कागद बंद, सगळं मोबाईल-टॅबवर. एका नोंदीला तेवीस रकाने, त्यातले सतरा भरल्याशिवाय सेव्हच होणार नाही. मला वाटायचं सक्ती केली की डेटा चांगला येतो. तुम्ही स्टूलावर बसून ते शांतपणे बघितलंत नि म्हणालात, "मॅडम, ह्ये भरायला येगळा मानूस ठिवा की वो." लॅबचे सर हसले, मी पण हसले, आणि मनातून चांगलीच चिडले होते, हे आज कबूल करते.

तेव्हा लॅबमध्ये डाळिंबाच्या तेल्या रोगाचं काम चालू होतं. आपल्याकडं हे काही नवीन नाही, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, पण छोट्या कॉलेजात पीएचडीची दोन पोरं, वाफेनं निर्जंतुक करायचा एक जुना ऑटोक्लेव्ह नि बॅक्टेरिया उबेत वाढवायचा एक इन्क्युबेटर एवढ्यावर तेच काम करायचं म्हणजे वेगळंच. सांगोल्याकडनं डागाळलेली फळं पिशवीत यायची, काळपट डाग, मधून फळ तडकलेलं, त्यातनं बॅक्टेरिया काढून अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या खाद्याच्या, प्लेटवर वाढवायचे, २८ डिग्रीला ठेवायचे, फिकट पिवळ्या चकचकीत कॉलन्या, म्हणजे बॅक्टेरियांचे ठिपके, मोजायच्या. आणि हे सगळं माझ्या टॅबवर नोंदवायचं. पहिल्या आठवड्यात पोरांनी मन लावून नोंदवलं, दुसऱ्यात कंटाळत, तिसऱ्या आठवड्यात मी सर्व्हरवर बघितलं तर सगळ्या नोंदी शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात! आठवडाभराचे प्रयोग दोन तासांत. मला वाटलं टायमस्टॅम्पमध्ये बग आहे. दोन दिवस कोड तपासत बसले मी, मामा, दोन दिवस.

मग तुम्ही मला आत बोलावलंत, लोखंडी कपाट उघडलंत, आणि ती वही दाखवलीत. वही कसली, जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून शिवलेली, वरनं सुतळी, सुतळीला पेन्सिल बांधलेली. पानापानावर अगारचे डाग, एका कोपऱ्यावर स्पिरिटनं पसरलेली शाई. "खरं हितं लिवल्यालं असतंय बगा. शनवारी त्येच तकडं उतरिवत्यात." पोरं काम करताना ओरडून सांगायची, तुम्ही लिहायचात. ऑटोक्लेव्ह १२१ डिग्रीला कधी पोचला, पंधरा मिनिटं खरंच झाली का मधेच लाईट गेली, कुठली प्लेट हातातनं पडली, कुठल्या बाटलीतला अगार पातळ झाला. यातलं निम्मं पक्क्या वहीत जायचंच नाही, कारण पक्क्या वहीत तसला रकानाच नव्हता. माझ्या तेवीस रकान्यांत पण नव्हता.

माझे आजोबा चाटी गल्लीत हिशेब लिहायचे, त्यांच्याकडं कच्चं आणि पक्कं मी लहानपणापासून बघितलेलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तुमचं कपाट उघडावं लागलं. मी पक्की वही बनवत बसले होते, जी आधीच होती, चांगली बांधीव, पानांवर नंबर छापलेली. लोकांना हवी होती कच्ची. त्या रात्री घरी जाऊन मी सगळे सक्तीचे रकाने काढून टाकले. उघडल्या उघडल्या एकच रिकामी ओळ, आणि तीन मोठी बटणं: लिही, बोल, फोटो. तारीख-वेळ आपोआप. बाकी काय ते नंतर बसून लावा. आज लोक आमच्या नोटबुकचं कौतुक करतात ते 'सोपं आहे' म्हणून, त्यांना मी सांगत असते की डिझाईन मंद्रूपच्या एका माणसाचं, म्हणजे तुमचं, आहे, मी फक्त टाईप केलं.

आता प्लेटचं सांगते, कारण त्यात माझी अब्रू जास्त गेली. मी मोठ्या हौसेनं क्यूआर कोडचे स्टिकर छापून आणले, छान गोल, नि प्रत्येक प्लेटच्या झाकणावर बरोब्बर मधे चिकटवले. स्कॅन करा, त्या प्लेटचं पान उघडलं, काय भारी. तुम्ही चाळीस प्लेटा चिकटवू दिल्यात मला, एक शब्द बोलला नाहीत (हे मी अजून माफ केलेलं नाही). दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर सगळ्या प्लेटा उलट्या. झाकण खाली, स्टिकर खाली, झाकणाच्या आतून पाणी धरलेलं, एकही कोड स्कॅन होईना. उलट्या ठेवतात कारण झाकणाला साचलेलं पाणी कॉलन्यांवर टपकू नये, हे लॅबमधल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, मला नव्हतं. वर तुम्ही सांगितलंत की झाकणं एकमेकांत बदलतात, चार प्लेटा एकदम उघड्या असल्या की कुठलं कुणाचं पत्ता लागत नाही, म्हणून नाव कायम तळावर लिहायचं, झाकणावर कधीच नाही. मी लगेच तळाच्या मधोमध चिकटवायला निघाले. "आन मोजायचं कसं मंग?" कारण कॉलन्या तळाकडनंच मोजतात, मोजलेलीवर मार्करचा ठिपका देत देत. शेवटी तळाच्या काठाशी नखाएवढा चौकोन, ते तुमचं. आमच्या प्रिंटरवाल्याला एवढं बारीक छापायला लावताना जो त्रास झाला तो माझा.

मोजण्यावरनं आठवलं. तुम्ही पोरांशी मराठीत बोलता, बाटलीवर इंग्रजीत लिहिता, आणि कॉलन्या कन्नडमध्ये मोजता. ओंदु, एरडु, मूरु, नालकु. मी विचारलं तर म्हणालात, आई शेळ्या अशीच मोजायची, दुसऱ्या भाषेत चुकतंय. तेव्हा मी बघत होते ते तुमच्या डोळ्यांकडं. तीसच्या खाली नि तीनशेच्या वर असेल तर ती प्लेट हिशेबात धरत नाहीत, म्हणजे कधीकधी अडीचशे-पावणेतीनशेपर्यंत मोजायचं, आणि तेवढा वेळ नजर प्लेटवरनं हलवायची नाही. माझ्या स्क्रीनवर मात्र दर वेळी बारकं अधिकचं चिन्ह शोधून दाबायचं, ते पण ओल्या ग्लोव्हजनी, दाबलं एकीकडं नि लागलं भलतीकडं. म्हणून मग मोजताना अख्खी स्क्रीनच बटण केली. कुठंही टेकवा, एक वाढतो, टॅब टक्क करतो, दर दहाला वेगळा आवाज. बघायची गरजच नाही. पहिल्या दिवशी तुम्ही एकशे चौऱ्याऐंशीपर्यंत मोजलंत आणि टॅब पण एकशे चौऱ्याऐंशीच म्हणाला, तेव्हा तुम्ही टॅबच्या पाठीवर थाप मारलीत, बैलाला मारतात तशी.

खोडण्याबद्दल. मी डिलीटचं बटण दिलं होतं, लाल, कचऱ्याच्या डब्याचं चित्र. तुम्ही म्हणालात, लॅबच्या वहीत खोडत नसतात, आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही नि तारीख. गंमत म्हणजे हेच अमेरिकेतल्या औषध प्रशासनानं १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमात लिहून ठेवलंय, पार्ट ११ म्हणतात त्याला, की बदल केला तरी आधीची नोंद झाकली जाता कामा नये, कुणी कधी बदललं ते दिसलं पाहिजे. आपल्या लॅबला तो नियम लागू नाही. तुम्हाला तो कुणी सांगितला पण नव्हता, तुम्हाला जुन्या सरांनी एकदा खाडाखोड केली म्हणून झापलं होतं एवढंच. आता आमच्याकडं डिलीट नाहीच. बटणाचं नाव 'आडवी रेघ'. पुण्याच्या एका ग्राहकानं विचारलं हे इंग्रजीत 'स्ट्राइक' करून द्याल का, दिलं, पण मराठीत आडवी रेघच राहील.

नि ते तारखेचं प्रकरण! झाडांचे नंबर तुम्ही बाग-झाड असे लिहायचात, तिसरी बाग चौथं झाड म्हणजे ३-४. पोरानं ती यादी इंग्रजी आकड्यांत एक्सेलमध्ये भरली आणि एक्सेलनं सगळ्या झाडांच्या तारखा करून टाकल्या. ३-४ चं झालं तीन एप्रिल. त्यानं घाबरून फॉरमॅट बदलला तर ४५३८५ असा आकडा आला, कारण आत तो तारखा दिवस मोजून ठेवतो. "झाडाला तारीख लागली की वो, कोर्टात जातंय का काय!" तुमच्या त्या वाक्यावर हसून हसून सर खुर्चीतनं उठले. पण त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं, दोन महिन्यांची यादी. त्याला मी सांगितलं की जगभरच्या जीवशास्त्रज्ञांचं पण हेच झालंय, माणसाच्या काही जनुकांची नावं सप्टेंबर-मार्चसारखी दिसायची नि एक्सेल त्यांच्या तारखा करायचा, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं नियम काढून त्या जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून जनुकांचं बारसं परत! पोराला तेवढंच बरं वाटलं. यादी मात्र परत लावली ती तुमच्या सुतळीच्या वहीवरनंच, रात्री साडेआठपर्यंत बसून, तुमची मंद्रूपची एसटी गेली, सरांनी गाडीवर सोडलं. आमच्या नोटबुकात आता नमुन्याचा नंबर हा नंबर नसून अक्षरंच धरतो, आणि मराठी आकड्यांत लिहा की इंग्रजी, शोधताना दोन्ही सापडतं.

लाईटचं फार लिहीत नाही, सोलापूरकरांना काय सांगायचं. नेट नसलं तरी टॅबवर लिहिलेलं टॅबवरच राहतं, नेट आलं की वर जातं, आणि 'लाईट गेली' असं एक तयार बटण आहे. ते सगळ्यात जास्त दाबलं जातं.

लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला, फुकटची चांगली सॉफ्टवेअरं आहेत की. आहेत. ईलॅबएफटीडब्ल्यू आहे, मुक्त स्रोत, मी त्यातनं बरंच शिकले, पण ते आपल्या सर्व्हरवर चालवायचं तर सर्व्हर सांभाळणारं कुणीतरी लागतं, आणि आपल्या लॅबमध्ये सर्व्हर म्हणजे कपाटावरचा एक जुना सीपीयू, त्यावर तुमचा डबा. ज्युपिटर नोटबुक, ज्यात कोड लिहून काम करतात, ते गणितं नि आलेख करणाऱ्यांना छान, आपली पोरं स्टॅटिस्टिक्सला तेच वापरतात. पण हाताला अगार लागलेला माणूस पायथनचा कोड लिहीत नाही.

एकदा चहाला मी तुम्हाला शास्त्रज्ञ फॅरेडेची गोष्ट सांगितली होती. पुस्तकं बांधणाऱ्याकडं शिकाऊ होता, १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लॅबचा मदतनीस म्हणून लागला, आणि पुढं आपल्या रोजनिशीत परिच्छेदांना सलग नंबर देत गेला, सोळा हजाराच्या वर. मी सांगत होते नंबर कसे द्यावेत म्हणून. तुम्ही बशीतला चहा संपवून म्हणालात, "म्हंजी त्यो बी मामाच की!"

हो मामा.

आता तुम्ही रिटायर झालात. निरोपसमारंभात शाल-नारळ झालं, भाषणं झाली, त्यात नोटबुकचं कौतुक झालं नि ते कौतुक माझ्या नावावर गेलं. मी तिथंच उठून बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले, मोठी माणसं समोर होती, घाबरले. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. बक्षिसाच्या फॉर्मवर सहकारी म्हणून तुमचं नाव घालायला गेले तर 'शैक्षणिक पात्रता' सक्तीचा रकाना होता, भरल्याशिवाय पुढं जाईना. मी तो फॉर्म भरलाच नाही.

एक काम राहिलंय. तुमची कच्ची वही मी सगळी फोटो काढून चढवली, ओळीओळीला नंबर देऊन. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या, दिवसांत सगळी पोरं तिकडं होती नि तुम्ही एकट्यानं रीडिंगं घेतलीत, त्या पानांवर चार ठिकाणी एक खूण आहे, गोल काढून त्याला शेपूट. सरांना माहीत नाही, पोरांना माहीत नाही. एकाला वाटतं प्लेट खराब झाली, दुसरा म्हणतो तुम्ही जेवायला गेला होता. त्या चार ओळी मी तशाच रिकाम्या ठेवल्यात. रविवारी सकाळच्या एसटीनं येते मंद्रूपला, शेंगाची चटणी घेऊन जाणार आहे हे मामींना सांगून ठेवा, आणि तेवढी खूण मला सांगा.

तुमची,
होटगी रोडची मॅडम