समाजशास्त्र घेतलेल्या मुलास

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, वर्गात आम्ही दहाबारा जण, त्यातले निम्मे पहाटेपासून पोलीस भरतीच्या तयारीला ग्राउंडवर. पुण्याला गेलेली पोरं पुढं निघून जातील आणि मी इथं गारगोटीत समाजशास्त्र वाचत बसेन. स्वयंपाकाच्या घाईत मला नीट बोलता आलं नाही, म्हणून निवांत लिहायला बसले.

ज्या गारगोटीला तू आडगाव म्हणतोस, तिथं १९५२ साली मौनी विद्यापीठ उभं राहिलं ते जे. पी. नाईक यांच्यामुळं. आपल्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे ते. पुढं कोठारी शिक्षण आयोगाचे सचिव झाले. १९६९ मध्ये दिल्लीत भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले सदस्य-सचिवही तेच. देशभरातल्या तुझ्या विषयाच्या संशोधनाला मदत करणारी ही संस्था. ती ज्यांनी घडवली, त्यांनी खेड्यातल्या शिक्षणाचं काय करता येईल हे आधी तुझ्या त्या गारगोटीत करून पाहिलं होतं.

लायब्ररीत हॅरॉल्ड मॅन यांच्याबद्दल काही मिळतं का बघ. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल, मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतलं आणि कुणाची जमीन किती, कर्ज किती, भागतं कसं, हे सगळं तपासलं. १९१७ मध्ये ते छापून आलं. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडं सरासरी ४० एकर जमीन होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदार, आणि जमिनीचे तुकडे ७२९. आज तिथं मोठमोठ्या सोसायट्या आहेत, शेत शोधून सापडायचं नाही. तरी ती जमीन कशी वाटली गेली हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी वेळेवर विचारलं आणि लिहून ठेवलं.

आपल्या गावाचं असं कुणी लिहिलंय? आजोबांचा सातबारा काढ. उतारा ऑनलाइन दिसतो, जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, तिथं नाही मिळाल्या तर कार्यालयात मागाव्या लागतील. किती नावं, किती गुंठे हे तर बघच, पण बहिणींची नावं हक्कसोडपत्रानं, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदानं, कधी कमी झाली तेही बघ. मग त्यातल्या एखाद्या आत्याला विचार, सही करताना तुला काय सांगितलं होतं? माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बायका मी किती पाहिल्या असतील. उताऱ्यावर त्याची एक ओळ असते. बाकीचं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकावं लागतं.

विचारायचं कसं, हे मी जनगणनेत शिकले. २०११ च्या फेब्रुवारीत शाळा सांभाळून आम्ही शिक्षक घरोघर फिरत होतो. मळ्यातल्या एका घरी गेले. कट्ट्यावर मालक बसलेले. त्यांचं सांगून झाल्यावर बायकोबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ती काय करणार, घरीच असते." तेवढ्यात ती वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन दारात आली. मी तिलाच विचारलं, म्हशी किती? धार कोण काढतं? भांगलणीला कोण जातं? दुसऱ्याच्या रानात जाता का? वर्षातले किती महिने? ती उभ्या उभ्या सांगत गेली आणि मालक गप्प झाले. जनगणनेच्या नियमात घरच्या शेतातलं बिनपगारी राबणं हे काम धरलं जातं, घरापुरतं दूध काढणंसुद्धा. वर्षातले सहा महिने किंवा जास्त राबलं की मुख्य काम करणाऱ्यांत नोंद होते. ती बाई त्यात बसत होती, मी तशीच नोंद केली. पहिल्या उत्तरावर थांबले असते तर कागदावर ती बिनकामाची ठरली असती.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आजही लोक २०११ चेच आकडे सांगतात. आता २०२७ ची व्हायची आहे आणि तीत जातीचीही नोंद होणार आहे. जनगणनेतले सगळ्या जातींचे आकडे १९३१ नंतर प्रसिद्ध झालेले नाहीत. त्या आकड्यांवर भांडणं होतील, भाषणं होतील. तेव्हा आकडा दारात कसा तयार होतो हे ठाऊक असलेली माणसं लागतील, आणि ती फक्त मोठ्या शहरातून येऊन भागणार नाही. मालकांसमोर बाई मोकळं बोलत नाही, सुगीत दुपारी घरी कुणी नसतं, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं पण जमा कुणाच्या खात्यावर होतं, हे तुला कुणी शिकवावं लागत नाही. ही तुझी केवढी जमेची बाजू आहे!

कॉलेज लहान असल्याची अडचण मी नाकारत नाही. पुस्तकं कमी, आणि चांगलं पुष्कळसं इंग्रजीत. पण वर्गात दहाबारा जण असल्यावर सरांना प्रत्येकाची वही बघता येते, त्याचा फायदा घे. रोज इंग्रजीची दोन पानं वाच, अडलेलं त्यांना विचार. बीएनंतर शिवाजी विद्यापीठ आहे, टाटा इन्स्टिट्यूटचं तुळजापूरचं कॅम्पस आहे, पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहे. तिथं जरूर जा, पैशाचं आम्ही बघू. जाताना मात्र स्वतः विचारून लिहिलेलं काहीतरी हातात असू दे.

तुझ्या प्रोजेक्टसाठी मला एक विषय मनापासून सुचवायचा आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आजरा, भुदरगड, चंदगडचे किती लोक तेव्हा गिरणीत होते! संप लांबला तसे कितीतरी जण बिऱ्हाड गुंडाळून गावी आले. कुणी शेतात रमला, कुणी कायमचा खचला, कुणी अजून गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी कागद जपून आहे. ती माणसं आता सत्तरीऐंशीत आहेत. दरवर्षी त्यातली काही जातात, त्यामुळं हे एमएला गेल्यावर करू म्हणून चालणार नाही. आणि फक्त पुरुषांना विचारू नकोस. नवरा मुंबईला असताना इथं घर आणि शेत जिनं ओढलं, तो परत आल्यावर तिचं काय झालं, तेही विचार.

वरच्या आळीतल्या आप्पांशी मी बोलून ठेवलंय. दिवाळीनंतर सकाळच्या वेळी ये म्हणाले, काकूही बोलायला तयार आहेत. त्यांच्याकडं गिरणीतलं तिकीट आणि पगाराच्या चिठ्ठ्या आहेत. फोटो काढायचा झाला तर आधी विचार, आणि रेकॉर्डिंग नको म्हणाले तर वहीत लिही. काकूंना त्या एकट्या असताना भेट. येताना दोनशे पानी वही आण, इथल्या दुकानात शंभर पानीच मिळते.

तुझी,
आई