विमा वाढतो म्हणे!

मा. संपादक, नमस्कार.

कालचा अर्थ-पानावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात राहिला. सरकारी धोरणांचा भरवसा नसला की लोक घाबरून जास्त विमा काढतात, असं लेखकाने ठोकून दिलंय. कुठल्या धंदेवाल्याला विचारलं होतं?

माझं छोटं वर्कशॉप आहे. आगीच्या पॉलिसीचं रिन्युअल आलं तेव्हा आयात शुल्क वाढणार की उतरणार याचा रोज नवा घोळ चालू होता, म्हणून नवीन मशीन घ्यायचं थांबवलं, एजंट म्हणत होता जुन्या मशीनची किंमत तरी आजच्या भावाने धरा, सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, वाढवा, मी म्हटलं एकदा शुल्काचं काय ते ठरू दे मग बघू. ते ठरलंच नाही. चार महिन्यांनी वायरिंग पेटलं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, काळ्या पडलेल्या मशीनवरची नंबरप्लेट बोटाने पुसून त्याने वाचली आणि तिथेच उभ्या उभ्या हिशोब सांगितला की विमा किमतीच्या ६० टक्केच आहे, तर नुकसानीचेही ६० टक्केच मिळतील. अ‍ॅव्हरेज क्लॉज. उरलेले ४० टक्के मी अजून फेडतोय. लेखातल्या प्रीमियमच्या बेरजेत मात्र मी विमा असलेल्यांतच मोजला गेलो ना!

घाबरून विमा घेणारे असतीलही, नाही म्हणत नाही. पण आयुर्विमा सोडून बाकीचा विमा बहुतेक एकेका वर्षाचा असतो, म्हणजे दरवर्षी हात आखडायची संधी. गाडीचा थर्ड पार्टी बऱ्याच देशांत कायद्यानेच घ्यावा लागतो, तो कोण सोडणार? कात्री लागते ती आपल्या मर्जीवर असलेल्या कव्हरला. शिवाय मशीन, गोडाऊन, मालाची ऑर्डरच पुढे ढकलली तर विमा उतरवायचा कशाचा? अनिश्चितता असली की गुंतवणूक थांबते हे अर्थतज्ज्ञ बर्नान्के यांनी १९८३ सालीच मांडलंय.

आणि तुम्ही छापलेला तो धोरणांची अनिश्चितता मोजणारा बेकर-ब्लूम-डेव्हिस निर्देशांक, तो मुळात वर्तमानपत्रातल्या बातम्या मोजूनच काढतात, अर्थव्यवस्था, अनिश्चितता आणि धोरण हे तिन्ही ज्यात येतात अशा बातम्या. मग 'शुल्क वाढणार?' असं प्रश्नचिन्ह टाकून रोज हेडलाइन कशाला देता? निर्णय झाला की छापा. मी त्याच हेडलाइन वाचून थांबलो होतो.

लेखकांना एवढंच कळवा की पुढच्या वेळी प्रीमियमसोबत सम इन्शुअर्डचे आकडेही बघा. आणि आलेखाखालची अक्षरं मोठी करा, भिंग घेऊन वाचावी लागली.

आपला एक जुना वाचक