काकांच्या वहीतलं लॅटिन

पुणे,
१४ ऑक्टोबर

प्रिय रेमंड,

काकांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवून तू विचारलंस, "हे काय लिहिलंय, तुला काही कळतंय का?" त्याला आज अकरा दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही, त्याचा राग धरू नकोस. ते फोनवर टाइप करून पाठवण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काकांच्या मातीला आलो तेव्हाही मी तुझ्याशी धड बोललो नाही. मूठभर माती टाकली, काकींजवळ पाच मिनिटं बसलो आणि संध्याकाळची लोकल पकडली. गाडी नायगावची खाडी ओलांडत होती तेव्हा वाटलं, काहीतरी तिथेच राहून गेलं. त्या दिवशी राहून गेलेलं बोलणंही याच पत्रात आहे असं समज.

काका देवनागरीत लॅटिन लिहून ठेवायचे हे मला माहीत नव्हतं. त्यांचं ते ठाशीव, रेघेला टेकलेलं अक्षर मी लगेच ओळखलं. "दीएस ईरे, दीएस ईला." क्रोधाचा दिवस, तो दिवस, जगाची राख करील. मृतांसाठीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, म्हणायचं हे पद, मध्ययुगातलं. काका पोरसवदा असताना कॉयरमध्ये, चर्चच्या गायकवृंदात, गात, तेव्हा मिस्सा अजून मराठीत आलेली नव्हती. पुढे १९६२ ते १९६५ ची व्हॅटिकन परिषद झाली, उपासना लोकांच्या भाषेत आली आणि नव्या विधीत हे पद अंत्यविधीच्या मिस्सातून गळलं. म्हणून तू इतक्या मयतांना जाऊनही ते कधी ऐकलं नाहीस. काकांनी मात्र वही जपून ठेवली.

शब्द सापडले म्हणून सूर शोधायला गेलो आणि तिथून मोत्झार्ट या युरोपीय संगीतकाराच्या रेक्विएमच्या (मृतांसाठीच्या मिस्साचं संगीत, त्यात हे पदही येतं) एका चित्रीकरणापाशी येऊन थांबलो. या अकरा दिवसांत ते चार वेळा पाहिलं. ५ डिसेंबर १९९१, व्हिएन्नाचं सेंट स्टीफन कॅथीड्रल. मोत्झार्ट गेला ५ डिसेंबर १७९१ ला, मध्यरात्र उलटल्यावर, अवघा ३५ वर्षांचा. म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद आणि संचालक सर जॉर्ज शोल्टी, वय ७९.

पण ही मैफल नव्हती, रेमंड. तो खराखुरा मिस्सा होता. वेदीवर कार्डिनल आणि धर्मगुरू, समोर बाकांवर माणसं आणि संगीत आपापल्या जागी. प्रवेशगीत झालं, कीरिए ("प्रभू, दया कर") झालं, की वाद्यं खाली. मग प्रार्थना, वाचन. मग पुन्हा गाणं. सभागृहात हीच रचना तासाभरात सलग वाजवतात, शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. इथे एकही टाळी नाही. मी आधी तीन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकली होती, त्यातली दोन कदाचित याहून रेखीवही असतील. पण त्या संगीताला एवढं थांबावं का लागतं, ते मला पहिल्यांदा इथे कळलं. दोन भागांमधल्या शांततेत कोणीतरी कोणासाठी तरी काही मागत असतं. ते मागणं काढून टाकलं की उरतो तो फक्त सुंदर आवाज.

आणि ही जागासुद्धा त्याची स्वतःची. १७८२ च्या ऑगस्टमध्ये मोत्झार्टचं कॉन्स्टान्झेशी लग्न लागलं ते याच कॅथीड्रलमध्ये. गेला त्या वर्षी त्याला तिथल्या संगीतप्रमुखाच्या हाताखाली बिनपगारी साहाय्यकाची जागा मिळाली होती. पुढेमागे मुख्य जागा मिळेल ही आशा. प्रमुख म्हातारा होता, आजारी होता, पण मोत्झार्टच आधी गेला. ६ डिसेंबरला मोत्झार्टच्या शवपेटीला आशीर्वाद दिला तोही तिथेच, आणि मग गावाबाहेर सेंट मार्क्सच्या दफनभूमीत साध्या कबरीत पुरलं. नेमकी जागा आज कोणाला दाखवता येत नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये कॅथीड्रलला आग लागली, छप्पर जळालं, मनोऱ्यातली मोठी घंटा कोसळून फुटली. तिचेच तुकडे वितळवून नवी ओतली आणि १९५२ मध्ये ती व्हिएन्नात आणली. चित्रीकरणातले उंच खांब वरवर जाताना दिसतात तेव्हा मला दर वेळी ते जळलेलं छप्पर आठवतं.

आता काकांना आवडली असती ती गोष्ट. सुरुवातीला वाद्यवृंद हलक्या पावलांनी चालत येतो. बासरी नाही, ओबो नाही. बॅसेट हॉर्न आणि बासून, दोन्ही जरा घोगऱ्या, पाणावलेल्या आवाजाची वाद्यं. कॉयर म्हणतं, "रेक्विएम एतेर्नाम", चिरविश्रांती दे यांना. आणि मग एकटी सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीची गायिका, उठते: "ते देचेत हिम्नुस." हे देवा, तुझी स्तुती सियोनात शोभते. ही ओळ मोत्झार्टने स्वतःच्या चालीत बांधलेली नाही. चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायची एक फार जुनी चाल त्याने जशीच्या तशी उचलून तिथे ठेवली आहे. मुळात बिनवाद्याची, बिनतालाची, ज्या जातीच्या चाली काका कॉयरमध्ये शिकले त्याच जातीची. एवढा मोठा वाद्यवृंद आणि त्याच्या मधोमध ही साधी चाल. शेतातून आलेला माणूस घरात जाऊन शांतपणे बसावा, तशी.

ती गाते आर्लीन ऑजे. अमेरिकन, तेव्हा ५२ वर्षांची. आवाज इतका स्वच्छ की दुःख त्यातून आरपार दिसतं. पुढे वाचलं ते तुला सांगायला हात धजत नाही, पण सांगतो. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच तिच्या मेंदूत गाठ असल्याचं निघालं, गाणं थांबलं आणि जून १९९३ मध्ये ती गेली. त्या रात्री मृतांसाठी मागताना तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे कळल्यावर मी परत पाहिलं आणि तिच्या तोंडून ती जुनी चाल निघाली तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. एकट्याने गाणारे बाकीचे तिघे होते चेचिलिया बार्तोली, तेव्हा २५ वर्षांची, व्हिन्सन कोल आणि रेने पापे.

मग येतं काकांच्या वहीतलं "दीएस ईरे". पहिल्याच ठोक्याला सगळं अंगावर येतं, कॉयर आणि तंतुवाद्यं एकदम सुटतात. मला लगेच आजी गेली ते दिवस आठवले. माझं वय नऊ. घरात तेरा दिवस गरुडपुराण लावलं होतं आणि गुरुजी यमदूत, वैतरणी, एकेका पापाची शिक्षा वाचत. रात्री आईच्या कुशीत शिरून मी विचारायचो, आजीला हे सगळं करतील का गं? "दीएस ईरे" मधली भीती मला परकी वाटलीच नाही. त्या भीतीसाठी मी लहानपणी भाषांतर मागितलं नव्हतं, आताही लागलं नाही.

पण काकांनी वहीत ज्या ओळींखाली रेघ मारली आहे, त्या भीतीच्या नाहीत. त्या याच पदात पुढे येणाऱ्या "रेकोर्दारे" या भागातल्या आहेत. "आठव, दयाळू येशू, तू एवढी वाट चाललास ती माझ्यासाठी." मोत्झार्टने इथे कॉयरला गप्प केलंय. फक्त चौघे गातात, एकमेकांना आधार देत, एकाचा सूर संपायच्या आत दुसरा उचलत. हा भाग मला या अख्ख्या रचनेत सर्वांत जवळचा वाटतो. लोक लाक्रिमोसासाठी रडतात, मी इथे रडलो. या ओळींकडे पत्राच्या शेवटी परत येतो.

लाक्रिमोसाचंही सांगायलाच हवं. "अश्रूंचा तो दिवस." व्हायोलिनचे दोन-दोन स्वर, हुंदका देऊन थांबावं तसे. त्यावर कॉयर पायरी पायरीने चढतं: राखेतून उठेल तो, न्यायासाठी, अपराधी माणूस. आवाज वाढत वाढत माथ्यावर पोचतो आणि तिथेच मोत्झार्टचं अक्षर संपतं. फक्त आठ बार, आपल्या हिशेबाने आठ आवर्तनं म्हण. पुढचं त्याचा साहाय्यक झ्यूसमायर याने पुरं केलं. अख्ख्या रेक्विएममध्ये त्याच्या हातून पूर्णपणे लिहून झालं ते फक्त पहिलं प्रवेशगीत. बाकी बऱ्याच ठिकाणी गाण्याच्या ओळी, खालचा खर्ज आणि वाद्यांच्या खुणा. झ्यूसमायरला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडेन. गेलेल्या माणसाचं काम हातात घेऊन पुरं करणं, तेही त्याच्या बायकोला पैशांची निकड असताना, याला छाती लागते. शेवटी त्याने मोत्झार्टचंच सुरुवातीचं संगीत पुन्हा आणलं, तेव्हा ती जुनी स्तोत्राची चाल परत येते, नव्या शब्दांत: "लुक्स एतेर्ना", चिरंतन प्रकाश.

हे सगळं ज्याने करवून घेतलं तो काउंट वाल्सेग. त्याची बायको आना १७९१ च्या फेब्रुवारीत गेली, वीस वर्षांची. तिच्यासाठी त्याने मध्यस्थामार्फत, नाव कळू न देता हे काम सांगितलं. स्वतःची रचना म्हणून खपवायचा त्याचा विचार होता, म्हणून इतिहासात त्याची छी-थू झाली. असेल चूक. पण १७९३ च्या डिसेंबरमध्ये व्हीनर नॉयश्टाट इथे त्याने स्वतः उभं राहून ती म्हणवून घेतली, मिस्साच्या वेळी, तिच्यासाठी. मला त्याच्याबद्दल मायाच वाटते.

आणखी एक गोष्ट, जी वाचून मी तुझा फोटो पुन्हा उघडला. मोत्झार्टचं हस्तलिखित व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १९५८ मध्ये ते ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ठेवलं होतं, तिथे कोणीतरी एका पानाचा खालचा उजवा कोपरा फाडून नेला. त्यावर त्याच्या अक्षरात "क्वाम ओलिम" हे दोन शब्द आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायची खूण होती. त्याने लिहिलेले अगदी शेवटचे शब्द ते हेच असावेत असं मानतात. तो कपटा आजवर मिळालेला नाही.

काकांच्या पानाचाही खालचा उजवा कोपरा नाही. तुमच्याकडे कसरीने खाल्लाय. त्यामुळेच तुला शेवटच्या तीन ओळी लागत नव्हत्या. "क्वेरेन्स मे" आणि पुढे भोक. "रेदेमिस्ती" आणि भोक. "तान्तुस ला" आणि भोक. या त्याच, रेघ मारलेल्या.

मी २ नोव्हेंबरला येतोय. तुम्ही कबरी साफ करून फुलं-मेणबत्त्या लावता, तेव्हा मला बरोबर ने. लॅपटॉप घेऊन येईन. रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून काकींनाही ऐकवू, पूर्ण नाही, एवढा "रेकोर्दारे"चा भाग. जिथे काका केळीला पाणी लावून आले की घमेलं पालथं घालून टेकायचे, चहा येईपर्यंत एक शब्द न बोलता, तिथेच.

वहीत काही लिहू नकोस, ती तशीच राहू दे. खालच्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवून त्या पानात ठेव. मी काकांसारख्याच अक्षरलेखनात लिहिल्यात, खाली अर्थ दिलाय.

क्वेरेन्स मे सेदिस्ती लास्सुस,
रेदेमिस्ती क्रूचेम पास्सुस,
तान्तुस लाबोर नोन सित कास्सुस.

मला शोधता शोधता तू दमून बसलास,
क्रूस सोसून मला सोडवलंस,
एवढे कष्ट वाया न जावोत.

तुझा,
श्रीधर