बोटीच्या इंधनकाट्यावर विसंबू नका

महोदय,

काटा ‘पाव’ दाखवत असतानाच इंजिन बंद पडलं, हे भर पाण्यात अडकलेल्या बोटींबाबत वारंवार ऐकू येतं. दोष डिझेलचोरीला किंवा इंजिनाला दिला जातो; काटा कुणी तपासत नाही. म्हणून हे पत्र.

काटा लिटर मोजत नाही, टाकीतल्या फ्लोटची (इंधनावर तरंगणाऱ्या तुकड्याची) उंची दाखवतो. बोटीची टाकी बहुधा तळाच्या आकारानुसार खाली निमुळती असते. टाकी पूर्ण ‘व्ही’ आकाराची असेल तर निम्म्या उंचीला इंधन फक्त एकचतुर्थांश असतं; २०० लिटरच्या टाकीत ५० लिटर! त्यातलंही तळाचं थोडं इंधन शोषनळीपर्यंत पोचत नाही. शिवाय धावताना बोट मागे झुकते आणि सेंडर (फ्लोटची उंची विजेवाटे काट्याला कळवणारा टाकीतला भाग) कुठे बसवला आहे त्यानुसार काटा वर किंवा खाली सरकतो. म्हणून वाचन बोट थांबवून, ती सपाट असतानाच घ्यावं.

आता विजेची बाजू. सेंडरचे दोन प्रकार सर्रास आढळतात. फरक सेंडरच्या रोधाचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा; तो ओहममध्ये मोजतात. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. युरोपीय पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. सेंडर एका पद्धतीचा आणि काटा दुसऱ्या पद्धतीचा बसला की वाचन उलटं होतं. ही चूक निदान लगेच कळते. न कळणारी चूक अर्थिंगची. खाऱ्या हवेने अर्थिंगचा जोड गंजला की रोध वाढतो. अमेरिकी पद्धतीत त्यामुळे काटा कमी दाखवतो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होते. युरोपीय पद्धतीत मात्र चाळीसेक ओहम वाढले तरी रिकामी टाकी ‘पाव’ भरलेली दिसते. धोका आहे तो इथे. तपासताना वीज बंद करून सेंडरची वायर काढावी आणि मल्टिमीटरने आधी सेंडरचा, मग अर्थिंगचा रोध मोजावा. अर्थिंगचा रोध शून्याच्या जवळ हवा. पेट्रोलच्या बोटीत टाकीपाशी वायरी टेकवून ठिणगी पाडू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते.

काटा एकदा नीट आखून घ्यावा. टाकी जवळपास रिकामी असताना मोजून दहा-दहा लिटर भरत जावं, दर खेपेला काटा कुठे आला ते लिहावं आणि तो तक्ता सुकाणूजवळ चिकटवावा. भरताना वर प्रसरणासाठी थोडी जागा सोडावी.

मायलेज काढताना बहुतेकांची चूक होते ती कमी इंधनावर हिशेब करण्यात. १५ लिटर जाळून भरताना पातळी ३ लिटरने चुकली तर उत्तर २० टक्के चुकलं. निदान एकतृतीयांश टाकी जाळावी, आणि पुन्हा भरताना बोट त्याच जागी, तशाच लादणीने, त्याच खुणेपर्यंत भरावी. फ्लो मीटर (नळीतून किती इंधन गेलं ते मोजणारं यंत्र) असेल तर डिझेल इंजिनात परतीच्या नळीवरही एक हवा, कारण पंपाने ओढलेल्यातलं बरंचसं डिझेल टाकीत परत येतं.

प्रवाहाचा परिणाम वगळायचा तर त्याच आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) जाऊन-येऊन जीपीएसचा वेग घ्यावा आणि दोन्ही वेगांची सरासरी काढावी. जाताना ६, येताना १० नॉट (तासाला सागरी मैल) असेल तर खरा वेग ८. एकूण अंतराला एकूण वेळेने भागलं तर ७.५ येईल, तो चुकीचा. तासाला १६ लिटर जळत असेल तर सागरी मैलाला २ लिटर. हीच चाचणी तीन-चार वेगवेगळ्या आरपीएमवर करावी. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के कमी केला तर तासाचं इंधन सुमारे २७ टक्के वाचतं. तळाला शेवाळ, कालवं चिकटली की हा आकडा बिघडतो, म्हणून तळ घासल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी.

समुद्रात निघताना एकतृतीयांश इंधन जायला, एकतृतीयांश यायला आणि उरलेलं राखीव, हा हिशेब तक्त्यातल्या लिटरवर करावा, काट्यावर नाही.

आपला,
सागरी इंजिनांची दुरुस्ती करणारा एक वाचक