‘नस्ती आढळून येत नाही’ : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

फायली हरवतात महसूल, नगरविकास, गृहनिर्माण खात्यांत. मग पत्र सांस्कृतिक कार्य खात्याला कशाला, असे आपल्याकडे कुणीतरी विचारेल. पण महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 राबवून घ्यायचा तो पुराभिलेख संचालनालयाने, आणि ते संचालनालय आपल्या हाताखाली आहे. 1821 साली सुरू झालेल्या या दफ्तरात कंपनी सरकारचा पत्रव्यवहार आजही संशोधकांना पाहायला मिळतो. आम्हाला मात्र आमच्याच इमारतीचा मंजूर नकाशा मिळत नाही.

इमारत दादरला, जुनी, पुनर्विकासाला निघालेली. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हवी म्हणून संस्थेने माहितीचा अर्ज केला. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण हेच उत्तर शहरात कुठेही मिळते: ‘सदर नस्ती कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.’ नस्ती म्हणजे फाईल. खाली सही, शिक्का. तोंडी खुलासा असा की 26 जुलै 2005 च्या पुरात बरेच गठ्ठे भिजले. असतीलही. पण कोणते भिजले याची यादी मागितली, तर तीही नाही. पंचनामा नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 आणि 9 मध्ये माहिती नाकारण्याची कारणे दिली आहेत. ‘सापडत नाही’ हे त्यात नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 सालीच सांगितले आहे की, एकेकाळी असलेला अभिलेख मिळत नसेल तर कसून शोध घ्यावा, चौकशी करून जबाबदारी ठरवावी. अभिलेख कायदा याहून कडक. विहित रीत सोडून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमलेला असायला हवा. मी विचारले तिथे ते पद कुणाकडे आहे हे जन माहिती अधिकाऱ्यालाही सांगता आले नाही.

आणि हेच सरकार आमच्याकडे कागद मागताना किती काटेकोर असते! झोपडीधारकाने मोफत पुनर्वसनासाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा दाखवायचा. गिरणी कामगाराने, किंवा त्याच्या वारसाने, 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचे सिद्ध करायचे. तिकीट नंबर, रजेचे कार्ड, जे असेल ते. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली, या लोकांनी पत्र्याच्या ट्रंकेत ते कागद चाळीस वर्षे सांभाळले. सरकारकडे अभिलेख कक्ष आहे, शिपाई आहे, कायदा आहे, आणि कागद नाही.

उपाय नवा शोधायचा नाही. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब वर्गाचे तीस वर्षे, ड वर्गाचे वर्षभराने काढून टाकायचे, ही वर्गवारी आणि कागद कामाच्या स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याची ‘सहा गठ्ठे’ पद्धत प्रत्येक लिपिकाला शिकवलेली असते. नसते ती केलेल्या कामाची नोंद. नस्ती कुणाच्या टेबलावरून कुणाकडे, कोणत्या तारखेला गेली? पदभार सोडताना नस्त्यांची यादी सही करून दिली का? निंदणी, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून नष्ट करणे, केली तर कोणत्या आदेशाने? पानांना क्रमांक दिले होते का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण 2010 साली आदर्श सोसायटी घोटाळ्याच्या प्रकरणात नगरविकास विभागातल्या नस्तीतून टिपणीची पाने गेल्याचे उघड झाले, हे मंत्रालयात तरी कुणी विसरले नसेल.

स्कॅनिंगचे म्हणाल, तर ते जरूर करा. मात्र सूची न करता स्कॅन केले की गोंधळ कपाटातून संगणकात जातो, एवढेच. कंत्राटदाराचे बिल तेवढे पानांच्या संख्येवर निघते.

माझी मुख्य मागणी एकच आहे. ‘आढळून येत नाही’ असे उत्तर देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला त्यासोबत कागद जोडणे सक्तीचे करा. निंदणी झाली असेल तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतला उतारा. झाली नसेल तर नस्ती शेवटी कुणाकडे होती ती नोंद, आणि ती हरवल्याचे अभिलेख अधिकाऱ्याने पुराभिलेख संचालकांना लेखी कळवल्याची प्रत. यातले काहीच नसेल, तर त्या कार्यालयाची तपासणी आपल्या संचालनालयाने करावी. खर्च फारसा नाही. कायदाही बदलावा लागत नाही, परिपत्रक पुरेल.

त्याआधी निदान मुंबईतल्या शासकीय कार्यालयांच्या अभिलेख अधिकाऱ्यांची यादी, नाव, पदनाम आणि नेमणुकीच्या तारखेसह, संचालनालयाच्या संकेतस्थळावर लावावी. कुठे नेमणूकच झाली नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवून लावावी.

आपला,
दादरच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव