मामा, दार उघडं आहे

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय दिल्या,

‘तुमच्या ट्रेकच्या विकीत आहे तसलं प्लगइन, तो छोटा जोड-प्रोग्रॅम, आमच्या वाचनालयाच्या विकीतही बसवून दे’ असं तू फोनवर म्हणालास आणि मी ‘हो रे, दहा ओळींचं काम’ म्हणून मोकळा झालो. काम तेवढंच आहे. त्या दहा ओळींनी माझे किती रविवार खाल्ले ते मात्र सांगायचं राहिलं.

दोघांकडेही डोकुविकीच आहे हे बरं, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या वेबसाइटचं तेच पीएचपी भाषेतलं सॉफ्टवेअर. डेटाबेस नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. अख्खं फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घे आणि काय खेळायचं ते तिथेच खेळ. पीएचपीत एक अर्धविराम राहिला तरी सगळं पान पांढरंफटक पडू शकतं, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी सभासद पुस्तक शोधत असतो.

आमचं प्लगइन अगदी साधं होतं. महिरपी कंसात ‘उंची’, मग डोंगराचं नाव आणि मीटर लिहायचे. पानावर फूट दिसायला हवेत. प्लगइनच्या फोल्डरचं नाव रोमन छोट्या अक्षरांत, अंडरस्कोअर न घालता, आणि कोडमधल्या क्लासच्या नावात तेच नाव. त्यात मुख्य फंक्शनं दोन: हँडल लिहिलेलं वाचतं, रेंडर पानावर उमटवतं. पहिल्या दिवशी काहीच दिसेना. कुठली खूण दिसली की काय करायचं, अशा प्रत्येक नियमाला एक क्रमांक द्यावा लागतो, लहान क्रमांकवाला आधी. मी ठोकून दिला ४००. चित्रांच्या नियमाचा ३२०, आणि त्याची खूणही महिरपी कंसच! माझ्या आधी तोच घास पळवत होता. मी ३०० केला, तेव्हा कुठे फूट दिसले.

मग कळसूबाईची उंची शून्य फूट निघाली. आमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी १६४६ मराठी आकड्यांत लिहिलं होतं, आणि पीएचपीला त्यात आकडाच दिसत नाही, त्याचा आकडा करायला सांगितलं की गुमान शून्य धरतं. एका ओळीत नागरी आकडे इंग्रजीत फिरवून घेतले. तरी शून्यच! अर्धा तास कोडकडे डोळे फाडून बघत होतो. कोड बरोबर होतं रे, पान कॅशमधून, म्हणजे आधीच्या साठवलेल्या प्रतीतून, येत होतं. हँडलने एकदा वाचलं की ते साठवून ठेवलं जातं. पानाच्या पत्त्याच्या शेवटी पर्ज (जुनी प्रत टाकून दे) जोडलं आणि ५४०० फूट झळकले. पायथ्याच्या बारी गावात चहा पाजल्यासारखा आनंद झाला.

खरी फजिती पुढे. डोंगराचं नाव मी जसं आलं तसंच पानावर छापत होतो. ग्रुपमधलेच लोक लिहिणार, भीती कसली? सुट्टीत माझी भाची आली होती, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने नावाच्या जागी स्क्रिप्टचा टॅग, म्हणजे ब्राउझरने चालवायचा कोड, लिहिला. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर चौकट उसळली: ‘मामा, दार उघडं आहे.’ मी तेव्हा अॅडमिन म्हणून लॉगिन होतो. तिच्या जागी कुणी वाईट माणूस असता तर ती स्क्रिप्ट माझ्या अधिकारात काय वाटेल ते करून गेली असती.

उपाय बघून लाजच वाटली. रेंडरमध्ये बाहेर जाणारा प्रत्येक शब्द एचएससी नावाच्या फंक्शनमधून काढायचा (बारावीशी संबंध नाही). ते टॅगचे कंस निष्प्रभ करतं, मग ब्राउझरला ती नुसती अक्षरं. आणि हँडलमध्ये आकड्याच्या जागी आकडा नसेल तर सरळ नाकारायचं. नीटनेटकं करून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस.

आता तुझं. दाखलक्रमांक लिहिला की कपाट दिसायला हवं. आधी नागरी आकडे फिरव, मग फक्त अंक आहेत का बघ. कपाटांची यादी ‘पानावर लिहिलेल्या नावाच्या फाइलीतून’ वाचायची तुझी कल्पना सोड. फाइलीचं नाव लिहिणाऱ्याच्या हाती दिलंस की तो दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ टाकून एकेक फोल्डर वर चढत तुझ्या पासवर्डांपर्यंत पोचायला बघेल. कपाटं सहाच आहेत ना? यादी कोडमध्येच लिहून टाक. जागा फक्त सभासदांनाच दिसावी हा हट्टही नको. तयार पान कॅशमध्ये पडतं, एका सभासदासाठी वाढलेलं ताट पुढच्या पाहुण्यासमोर जसंच्या तसं जातं. कॅश बंद करता येते, पण ग्रंथपालांच्या त्या जुन्या कॉम्प्युटरचा अंत कशाला बघायचा?

फाइल झाली की चढवण्याआधी मला पाठव. भाची दिवाळीला येतेय, तिच्या हाती देतो. फी म्हणून तिला तुझ्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक हवेत, तेवढे बाजूला काढून ठेव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू